पाय शेकायचा टब

दार उघडलं तेव्हा ती बाई लिफ्टच्या जमिनीवर बसलेली होती, आणि दार उघडल्याचं तिला वाईट वाटलं. झालं ते एवढंच. पुढे आठवडाभर त्याला जे चुकल्याचुकल्यासारखं होत राहिलं त्याचं कारण कुणी विचारलं असतं, तरी त्याच्याकडे सांगायला एवढंच होतं. आणि एवढंच सांगितलं असतं तर ऐकणारा म्हणाला असता, बरं मग? तो लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचा. चोवीस वर्षं करत होता. शहरातल्या सोळा इमारती त्याच्याकडे होत्या, आणि वर्षाअखेरच्या सुट्ट्या आल्या की त्यातल्या पंधरा शहाण्यासारख्या वागायच्या आणि चार मजली दुकानाची ती एक लिफ्ट हटकून अडायची. लोक पिशव्या घालून दार अडवतात, पोरं सगळी बटणं एकदम दाबतात, दहा माणसांच्या जागेत चौदा शिरतात. यंत्र झालं तरी किती सोसेल. त्या दिवशी दुपारी ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली होती. आत एकच बाई आहे, पाऊण तास झाला, आधी घंटा वाजवत होती, आता वाजवत नाही, असं व्यवस्थापकाने घाम पुसत सांगितलं. ते ऐकून तो धावत वर गेला, मशीनच्या खोलीत जाऊन त्याने वीज तोडली, ब्रेक सैल करून चाक हाताने फिरवलं, आणि केबिन तिसऱ्या मजल्याच्या वीतभर खाली येऊन थांबली तेव्हा खाली येऊन किल्लीने दार सरकवलं. बाई पन्नाशीची असेल. चपला काढून बाजूला नीट लावलेल्या, सात-आठ पिशव्या कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या, पाठ भिंतीला, पाय लांब केलेले. झोपली नव्हती. घाबरलेलीही नव्हती. त्याने हात पुढे केला तर तिने त्या हाताकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आणखी दहा मिनिटं बंद ठेवता येईल का हो?" त्याला आधी कळलंच नाही. "नको, दार उघडंच राहू दे," तो म्हणाला, तिला गुदमरलं असेल म्हणून. "बंद," ती म्हणाली. "दहाच मिनिटं. मग येते मी." मागे व्यवस्थापक होता, त्याच्यामागे बघे होते, आणि सुटकेच्या आनंदात लिफ्टवाल्याच्या तोंडून गंमत निघून गेली, "अहो बाई, लिफ्ट आहे ही, हॉटेल नव्हे!" लोक हसले. तीही हसली. लोक हसले की आपणही हसायचं, अशा सवयीचं ते हसणं होतं. मग तिने चपला घातल्या, पिशव्या एकेक करून दोन्ही हातांच्या बोटांत अडकवल्या आणि ती बाहेर आली. "थँक्यू," म्हणाली. त्या थँक्यूची धार त्याला जिना उतरताना लागली.

ती ज्या भिंतीला टेकून बसली होती त्या भिंतीवर दुकानाची जाहिरात होती. लिफ्ट पुन्हा सुरू करून पाहताना तो तिच्यातून सहा वेळा वर-खाली गेला आणि सहाही वेळा त्याने ती वाचली. ‘या सुट्ट्यांत सगळ्यांची काळजी घेणारीची काळजी कोण घेणार?’ असं वर होतं, आणि खाली वस्तूंची चित्रं. आंघोळीच्या पाण्यात टाकायचं सुगंधी मीठ. डोळ्यांवर ठेवायची थंड पट्टी. मान शेकायची उशी. संथ जळणारी मेणबत्ती. मनातलं लिहायची वही, तिला छोटं कुलूप. चित्रातल्या बाईचे डोळे मिटलेले होते आणि ती एकटी होती. त्याच्या मनात आलं, हिच्या घरचे कुठे गेले? चित्रात तिच्या मागे दार होतं आणि ते लावलेलं होतं. घरी जाताना बसच्या खिडकीला डोकं टेकून तो आपल्या बायकोचे डोळे मिटलेले आठवायचा प्रयत्न करू लागला. झोपेतले नव्हे, जागेपणी मिटलेले. आठवेना. तिचे हात आठवत होते. कुरिअरच्या कचेरीत काउंटरवर उभी राहून ती दिवसभर पार्सलं घ्यायची, वजन करायची, चिकटपट्टी ओढून दातांनी तोडायची. या दिवसांत तिच्या बोटांना त्या पट्टीचा वास यायचा. ती घरी आल्यावर आधी कणीक मळायची की आधी त्याच्या आईची औषधं द्यायची, हे त्याला सांगता आलं नसतं. हे सगळं होऊन गेलेलं असायचं, एवढंच त्याला माहीत होतं. मग एकदम आठवलं ते इस्पितळ. पंधरा वर्षांपूर्वी तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. पाच दिवस ती तिथे होती, आणि घरी आणायला गेलेल्या सगळ्यांसमोर ती म्हणाली होती, "काय छान झोप लागायची हो इथे." केवढे हसले होते सगळे. आईने तर तो विनोद वर्षानुवर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितला, आमची सून बघा, पोट फाडून घेऊन म्हणते मजा आली. आणि ती प्रत्येक वेळी चहाचे कप ठेवता ठेवता हसायची. बसमध्ये त्याला वाटलं, ती विनोद करत नव्हती. पंधरा वर्षांनी वाटलं. लिफ्टमधून आतल्याचा आवाज बाहेर पोचायला वेळ लागतो, कधी कधी पोचतच नाही, पण पंधरा वर्षं म्हणजे जरा जास्तच झालं.

"आईला काय आवडतं गं?" त्याने रात्रीच्या जेवणाआधी मुलीला विचारलं. मुलगी एकोणीस वर्षांची, कॉलेजात, मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, "बाबा, तुला माहीत नाही?" मग तिचा अंगठा थांबला. तिने मान वर केली. ती खरंच आठवत होती हे त्याला दिसलं, आणि आठवत नव्हतं हेही. "आपण जे करू ते तिला आवडतं," ती शेवटी म्हणाली, आणि ते वाक्य आपल्यालाच पटलं नसल्यासारखी क्षणभर बघत राहिली. सुट्ट्यांना त्याची धाकटी बहीण, तिचा नवरा आणि त्यांची जुळी पोरं आठ दिवस राहायला यायची होती. दरवर्षी यायची. दोन खोल्यांत आठ माणसं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर बायकोने कागद लावला होता. त्यावर तारखा, भाज्या, कुणाच्या कुठे गाद्या, आईची डॉक्टरांची वेळ, जुळ्यांपैकी कुणाला दूध चालत नाही, सगळं बारीक अक्षरात. तो त्या कागदासमोर उभा राहिला. त्याचं नाव एकदाच होतं, ‘यांना गॅसचं सांगणे’. तिचं नाव कुठेच नव्हतं. कागद तिचाच होता, तर नाव कशाला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. पण समजूत पटेना, आणि दुसऱ्या दिवशी तो त्याच दुकानात गेला. मिठाच्या बरण्या हुंगून पाहिल्या, पण घरात आंघोळीला बादली होती, बुडून बसण्याचं काही नव्हतं. मेणबत्ती घेतली असती तर आईने वीज गेल्यावरच लावू दिली असती. वहीचं कुलूप हातात घेऊन तो बराच वेळ उभा राहिला. तिने त्या वहीत काय लिहिलं असतं, या विचाराने त्याला कसंसंच झालं आणि त्याने वही पालथी ठेवली. शेवटी विक्रेतीने त्याला पाय शेकायचा टब दाखवला. विजेवर चालणारा; पाणी कोमट ठेवतो, खालून बुडबुडे येतात, तळाशी गोट्या असतात, तळवे रगडून निघतात. "दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांसाठी," ती म्हणाली. ती स्वतः सकाळपासून उभी होती. त्याच्या जिवात जीव आला. उभं राहणं, पाय, थकवा, शेक. ही भाषा त्याला कळत होती. बिघाड कुठे आहे ते समजलं की दुरुस्ती अवघड नसते, असा त्याचा आयुष्यभराचा अनुभव होता.

पाहुणे आले त्याच दिवशी संध्याकाळी त्याने तो सगळ्यांसमोर दिला. आता वाटतं, तिथेच चुकलं. पण तेव्हा त्याला सगळे बघायला हवे होते. ती मटार सोलत बसली होती. हात पुसून तिने चकचकीत कागदाच्या पट्ट्या नखाने अलगद सोडवल्या, कागद फाटू दिला नाही, घडी घालून बाजूला ठेवला. "माझ्यासाठी?" असं विचारून तिने खोक्याकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे. त्या नजरेत काहीतरी उघडतंय असं त्याला वाटलं. "छान आहे," ती म्हणाली, आणि तिचे डोळे खोलीभर फिरले. हे ठेवायचं कुठे, हा हिशोब त्यात त्याला स्पष्ट दिसला. "बघू गं, कसं चालतं," आई म्हणाली. म्हातारीचे पाय सुजायचे, तेव्हा पहिले पाय तिचेच हे ओघानेच आलं. बायकोने पाणी तापवून आणलं, गुडघ्यांवर बसून कोपर बुडवून पाहिलं, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं बघतात तसं, आणि सासूचे पाय एकेक करून आत ठेवले. बुडबुडे आले. आईने डोळे मिटले आणि "आहाहा" केलं. सगळे हसले. "वहिनी, तुझं झालं की माझा नंबर हं," बहीण म्हणाली. "तू घे आधी," बायको म्हणाली, "माझं काय, मी घरचीच." बहिणीच्या पाठोपाठ तिचा नवरा, "दादा, काय भन्नाट वस्तू आणलीस!" म्हणत. दुसऱ्या दिवशी जुळ्यांनी त्यात होड्या सोडल्या आणि बुडबुड्यांचं वादळ केलं. प्रत्येक वेळी पाणी तापवायचं, आणायचं, ओतायचं. मग गढूळ झालेला तो जड टब दोन्ही हातांनी छातीशी धरून, हिंदकळू न देता मोरीपर्यंत न्यायचा, घासायचा, पुसायचा, सांडलेल्या पाण्यावर कुणी घसरू नये म्हणून फरशी कोरडी करायची. तो पाहत होता. आधी पाहत होता आणि दिसत नव्हतं, मग दिसायला लागलं. चौथ्या दिवशी तो दमून घरी आला तर खुर्चीपुढे टब भरून ठेवलेला. "बसा," ती म्हणाली, "थंडीत त्या उंच खोल्यांत चढता दिवसभर." तो नको म्हणायच्या बेतात होता. पण बूट काढलेले होते, पाण्यातून वाफ येत होती, आणि त्याने पाय आत घातले. पोटऱ्यांतून वर चढत गेलेली ती ऊब खांद्यांपर्यंत आली. बरं वाटलं. फार बरं वाटलं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. घरातल्या सगळ्या पायांचं झालं होतं. तिचेच तेवढे राहिले होते. तो हे तिला म्हणालाही, "तू अजून एकदाही..." "घेईन हो," ती म्हणाली, "सगळे गेले की निवांत घेईन," आणि टॉवेल पुढे केला.

रविवारी त्याला सुट्टी होती. संध्याकाळचे पाच वाजले असतील, खिडकीत अजून ऊन होतं. बहिणीला पुन्हा पाय शेकायचे होते, आईला चहा हवा होता, जुळ्यांपैकी एकाचा मोजा हरवला होता, आणि तिघांनीही एकदमच हाक मारली. उत्तर आलं नाही. "कचरा टाकायला गेली," मुलगी आतून म्हणाली. दहा मिनिटं झाली. "कचरा टाकायला गेली की पेरायला?" आई म्हणाली. "बघून येतो," म्हणून तो उठला. त्यांची इमारत तीन मजल्यांची, घर वरच्या मजल्यावर, आणि लिफ्ट नव्हती. लिफ्टवाल्याच्या घराला लिफ्ट नाही, हा मित्रांचा ठरलेला विनोद होता. तो खाली उतरला. कचऱ्याच्या डब्यापाशी कुणी नव्हतं. रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आला, वाण्याच्या दुकानात डोकावला. मग अचानक एक भीती आली, नाव नसलेली, आणि तो जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत परत वर आला. दाराशी पोचून धापा टाकत उभा राहिला तेव्हा वरून कुणीतरी नाक ओढल्यासारखा बारीक आवाज आला. वर म्हणजे गच्चीकडे. गच्चीच्या दाराला कायम कुलूप, म्हणून त्या पायऱ्यांवर कुणी कधी जात नसे. तोही गेल्या कित्येक वर्षांत गेला नव्हता. तो वळणापर्यंत चढला. ती शेवटच्या पायरीवर बसली होती, कुलूपबंद दाराला पाठ टेकून. गाठ मारलेली कचऱ्याची पिशवी शेजारी. हात मांडीवर, तळवे वर, रिकामे. रडत नव्हती, सर्दी झाली असावी. काहीच करत नव्हती. तिने त्याला पाहिलं आणि ती ताडकन उठली, पिशवी उचलली आणि म्हणाली, "काय हवंय?"

लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. त्या वर्षांत हे दोन शब्द त्याने किती वेळा ऐकले असतील. पण जिन्याच्या त्या अर्धवट अंधारात ते त्याच्या छातीवर हाताचा पंजा ठेवल्यासारखे लागले. "काही नाही," तो म्हणाला. "मग वर कशाला आलात?" "तू दिसेनास म्हणून." "आईंना चहा हवा असेल. आलेच." "बस," तो म्हणाला. ती बसली नाही. तो दोन पायऱ्या खाली भिंतीला टेकला. खालून घरातले आवाज येत होते, बंद दारामुळे बोथट झालेले, दुसऱ्याच कुणाच्या घरातले असावेत तसे. "कधीपासून येतेस इथे?" "कुठे येते? आज जरा..." ती थांबली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "इथे राहायला आलो तेव्हापासून," ती म्हणाली. म्हणजे अकरा वर्षं. "रोज?" "रोज कुठलं. जमेल तसं. कचरा टाकायला एवढा वेळ लागत नाही, हे कुणाच्या लक्षात कसं येत नाही, असं पहिले काही महिने वाटायचं. मग वाटलं, येत नाही तेच बरं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर त्याला सोपं गेलं असतं, त्याने काहीतरी उत्तर दिलं असतं. "मी कुणाला सांगणार नाही," तो म्हणाला. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि लहान मुलाला समजावावं तशा मऊ आवाजात म्हणाली, "तसं नाही हो. आता तुम्हाला माहीत झालं ना. इथे बसले तरी मनात येणार, यांना ठाऊक आहे मी कुठे आहे. हाक नाही मारली तरी हाक आलीच की." त्याला कळलं. चोवीस वर्षं तो अडकलेल्या माणसांना बाहेर काढत आला होता. दार उघडणं म्हणजे सुटका, याबद्दल त्याच्या मनात कधी शंका आली नव्हती. "मला वाटलं तुला त्या टबाने..." तो म्हणाला आणि पुढचं गिळलं. "टब चांगला आहे," ती घाईने म्हणाली. "खरंच. आईंची सूज किती उतरली." तो एवढ्यावर हसला. मग त्याने हात पुढे केला. तिला वाटलं, आधारासाठी आहे. तिने आपला हात दिला. त्याने तिच्या दुसऱ्या हातातली कचऱ्याची पिशवी काढून घेतली, तिचा हात सोडला, आणि जिना उतरू लागला. आपण मागे वळून पाहायचं नाही, एवढं एकच त्याला त्या वेळी सुचत होतं.

पिशवी टाकून तो घरात आला आणि दार लोटून घेतलं. "वहिनी कुठेय?" बहिणीने विचारलं. "बसली आहे." "कुठे?" "बसली आहे," तो म्हणाला. "काय हवंय ते मला सांग." बहिणीने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने टीव्हीकडे. "तुमचं भांडणबिंडण झालं का?" "नाही. चहा ना? करतो." तो स्वयंपाकघरात गेला आणि तिथे आपण पाहुणे असल्यासारखा उभा राहिला. साखरेचा डबा समजून उघडला तो मिठाचा निघाला. चहाची पूड दोन कपाटं धुंडाळून सापडली, गाळणं सापडेना. हाक मारावी, एकच हाक, गाळणं कुठेय गं, दोन सेकंदांचं काम. ती हाक त्याच्या घशाशी आपोआप आली, तेवीस वर्षांच्या सवयीने, आणि त्याने ती दातांखाली धरली. त्याने स्वच्छ फडक्यातून चहा गाळला. आईने घोट घेऊन तोंड वाकडं केलं, "हा काय चहा म्हणायचा? तिला बोलव बरं. आणि माझी पाचची गोळी राहिली." "कुठली गोळी?" "मला काय ठाऊक कुठली. पिवळी. तिला ठाऊक." भिंतीवरच्या कागदावर त्याने बोट फिरवत फिरवत शोधलं, पाच वाजता, जेवणाआधी, अर्धी. अर्धी कशी करतात? त्याने सुरीने कापली तर अर्धी उडून ओट्याखाली गेली. तो पोटावर पालथा पडून ती शोधू लागला. मुलगी दारात येऊन उभी राहिली. मग काही न विचारता तिने टोपलीतले धुतलेले कप पुसायला घेतले, आणि कपाटाच्या कोणत्या फळीवर ठेवायचे ते माहीत नसल्यामुळे एक कप हातात धरून तशीच थांबली. "ठेव कुठेही," तो जमिनीवरून म्हणाला. "आई ओरडेल." "ओरडू दे. आपण शोधू." बाहेर बहिणीने स्वतःच टबात पाणी भरलं होतं आणि ते हॉलभर सांडलं होतं, जुळे त्यात नाचत होते, आणि तिचा नवरा पहिल्यांदाच खुर्चीतून उठून, कुठल्या फडक्याने पुसायचं असं विचारत होता. सगळं घर अडलेलं, खडखडत असलेलं, आणि तरी चाललेलं.

दार वाजलं नाही, नुसतं ढकललं गेलं. वीसेक मिनिटं झाली असतील. ती आत आली. हॉलमधलं तळं, उघडी कपाटं, ओट्यावर सांडलेली पूड, फडक्यावरचा तपकिरी डाग, हे सगळं तिने एका नजरेत पाहिलं, आणि तिचे हात आपोआप पुढे झाले. आईने आतून आवाज ओळखला, "आलीस का गं? बघ काय करून ठेवलंय यांनी. आधी मला जरा नीट चहा दे." बहीण म्हणाली, "बरं झालं आलीस, वहिनी." तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, शर्टाच्या पुढच्या बाजूला ओट्याखालची धूळ, हातात अर्धी पिवळी गोळी, मागे गॅसवर त्याने पुन्हा चहासाठी तापत ठेवलेलं दूध. ती त्याच्या अंगावरून आत शिरू लागली तेव्हा त्याने चौकटीवर हात आडवा ठेवला. तिने वर पाहिलं. रागावली आहे का, हे त्याला कळेना. तेवीस वर्षांत तो चेहरा इतक्या जवळून वाचायची वेळ कधी आलीच नव्हती. त्याने आवाज खाली आणला, फक्त तिलाच ऐकू जाईल इतका.

"तू अजून आलेली नाहीस," तो म्हणाला.

ती तशीच उभी राहिली. तिच्या खांद्यांत काहीतरी हललं, सुटलं की ताठलं ते सांगता आलं नसतं. तिची नजर एकदा त्याच्या हातावरून पलीकडे गॅसकडे गेली, उतू जायला आलेल्या दुधाकडे. तिचे ओठ उघडले. तो मागे वळला नाही, दूध उतू जातंय हे त्याला वासावरून कळत होतं, फेस भांड्याच्या काठाशी येऊन चुरचुरला, मुलगी "बाबा!" म्हणून ओरडली. मग बायकोने ओठ मिटले. ती वळली, हॉलमधल्या पाण्यातून पावलं जपत दाराशी गेली, आणि तिने बाहेरून दार ओढून घेतलं. पूर्ण ओढून घेतलं, खटका लागल्याचा आवाज येईपर्यंत. पावलं वर गेली की खाली रस्त्याकडे, हे कान देऊन ऐकलं असतं तर त्याला कळलं असतं. त्याने ऐकलं नाही. तो गॅस बंद करायला वळला.